तुळशीरामचा हात

हृतिक लग्नाची पत्रिका द्यायला एकटाच आला आणि चहा संपला तरी उठेना, तेव्हाच ताहेरनं ओळखलं की पोराच्या पोटात काहीतरी आहे. खरं तर पत्रिकेची गरजच नव्हती. हृतिकचा बाप तुळशीराम म्हणजे ताहेरचा तरुणपणापासूनचा दोस्त. लग्न ठरल्याची बातमी नवरीच्या मामाच्या आधी ताहेरला कळली होती. ताहेर दोह्याची नोकरी सोडून पनवेलला कायमचा परत आला त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत दोघांनी एकत्र चहा घेतला नाही अशा संध्याकाळी फार तर दहाबारा असतील. तरी पोरानं पत्रिकेला रीतसर हळदकुंकू लावून आणलं होतं, ती ताहेरच्या बायकोच्या, कुलसुमच्या हातात दिली होती, वाकून नमस्कारही केला होता.

"बोल रे," ताहेर म्हणाला. "बाप ओरडला का?"

"नाही ओ काका. उलट तुम्हीच त्यांना जरा ओरडा." हृतिकनं कप खाली ठेवला. "हळदीला बँड सांगितलाय. ड्रमसेट, कीबोर्ड, फुल सेटअप. माझं एकच म्हणणं आहे. पप्पांनी एकदा ड्रमवर बसावं. एकच गाणं. तुम्ही गिटार, ते ड्रम. तुमच्या बँडचं स्वतःचं गाणं होतं ना, तेच. मी हेतलला, तुमच्या होणाऱ्या सुनेला, सांगून बसलोय, माझे पप्पा रॉक ड्रमर होते म्हणून."

"मग सांग की त्याला."

"पाया पडून सांगितलं. ते म्हणतात, माजा हात खोटा हाय." हृतिक पुढं सरकला. "मला पण कधी शिकू दिलं नाही. आठवीत होतो, ड्रमचा क्लास लावा म्हणून दोन दिवस जेवलो नव्हतो. मम्मी पाघळली, पप्पा नाही. म्हणाले, आपला हात हळदीचा, तुजा पन तसाच निघनार, मोठ्या ठिकाणी जाशील आनि माती खाशील. काका, तुम्ही त्यांच्याबरोबर वाजवलंय. एवढे वाईट होते का हो ते?"

ताहेरला ठसका लागला. कुलसुम पाणी घेऊन आली. पाणी पिऊन होईपर्यंत त्यानं वेळ काढला आणि मग म्हणाला, "वाईट नव्हता. बघतो मी."

पोरगा खूश होऊन गेला. बघतो मी म्हणे! काय डोंबल बघणार होता? सव्वीस वर्षं या माणसानं दुसरं केलं काय होतं? तोंड उघडायचं सोडून बाकी सगळं केलं होतं.

आता मागचं सांगायला हवं, त्याशिवाय ताहेरला ठसका का लागला ते कळायचं नाही.

साल शहाण्णव. तेव्हाच्या पनवेलात रॉक म्हणजे काय हे नीट माहीत असलेली माणसं चार, आणि चारही एकाच बँडमध्ये. ताहेर गिटारवर. जवळच्या ओवे गावचा तुळशीराम ड्रमवर. निनाद गायला आणि हरेश बास गिटारला. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर तो सुळका उभा आहे ना अंगठ्यासारखा, त्यावरून बँडचं नाव ठेवलं 'ब्लॅक थंब'. ओव्यात त्याचं 'काला अंगठा' झालं. निनादचे वडील शाळेत मास्तर; ते चौघांनाही सरळ अंगठाबहाद्दर म्हणायचे, आणि चौघांचे बारावीचे मार्क पाहता त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

पण वेड म्हणजे वेड! हरेशचा मावसभाऊ मुंबईहून कॅसेट आणायचा. एका कॅसेटवरून दुसरी उतरवायची, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून चौथी. चौथीपर्यंत गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, पण ती चौथी ज्याच्या वाट्याला येई तो तीसुद्धा उशाशी घेऊन झोपायचा. कॅसेटमधल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले शब्द निनाद पाठ करायचा, अर्थ कळो न कळो. ताहेरला हवे असायचे गिटारचे सोलो, आणि ते परदेशी लोक वाजवायचे असे की पाठीमागे कुत्रं लागलंय. मग त्यानं एक शक्कल काढली. वॉकमनमध्ये मरायला टेकलेले सेल घालायचे. सेल दमला की टेप रेंगाळते, सगळं घोगरं ऐकू येतं, पण एकेक सूर सुटा होतो. अब्बांचं हार्डवेअरचं दुकान होतं. टॉर्चमधून गिऱ्हाइकांनी काढून टाकलेले जुने सेल ताहेर डब्यात जपून ठेवायचा. पोरगा काटकसरी निघाला म्हणून अब्बा बिचारे खूश होते.

काळे टी-शर्ट हवेत म्हणून चौघांनी पांढरे बनियन घेतले आणि तुळशीरामच्या आईच्या मोठ्या टोपात काळ्या रंगात उकळले. टोप घासला, पण नीट नाही. पुढचे आठ दिवस त्या घरात करड्या रंगाचा भात शिजला. म्हातारीनं चौघांना अंगणात ओळीनं उभं केलं आणि तोच भात वाढला. चौघांनी मुकाट गिळला.

प्रॅक्टिस तुळशीरामच्या घरामागे, पेंढा भरलेल्या खोलीत. पेंढ्यामुळं आवाज बाहेर कमी जायचा, पण हवाही आत कमी यायची. उकाडा असा की दोन गाण्यांत अंगाला पेंढ्याच्या काड्या चिकटायच्या आणि खाज सुटायची. ताहेर पुढं दोह्यात एका कंपनीचा स्टोअर मॅनेजर झाला, एसीच्या केबिनमध्ये बसला, घर घेतलं, पोरं शिकवली. पण त्या खोलीत, खाजवत खाजवत, तुळशीरामचा ठेका पाठीवर थापटल्यासारखा येत असताना तो जितका सुखी होता तितका नंतर कधीच झाला नाही. हे त्यानं कुलसुमलाही कधी सांगितलं नाही. बायकोला सांगण्यासारखं ते नव्हेच.

बरं, गिटार आणि ड्रमसेट काही आभाळातून पडत नाहीत. ते आले हळदीतून. आपल्याकडची आगऱ्यांची हळद ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. लग्न जेमतेम तासाभराचं, पण आदल्या दिवशीच्या हळदीला अख्खं गाव मांडवात नाचतं. तुळशीरामच्या चुलत्याची बेंजो पार्टी होती. लाल साटिनचे कोट, बाह्यांना सोनेरी झालर. तुळशीराम त्यात ढोल आणि ड्रम वाजवायचा आणि त्यानं ताहेरला बेंजोवर बसवला. एका हातानं तारा छेडायच्या, दुसऱ्या हातानं बटणं दाबायची, भोंग्यातून आवाज दोन गावं ओलांडून जायचा. मोहल्ल्यात कळू नये म्हणून ताहेर टोपी नाकापर्यंत ओढायचा. आता मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांचा धंदा आगऱ्यांशी, सगळी मंडळी हळदीला जेवायला हजर. पहिल्याच सीझनला अब्बांना कळलं. ते एवढंच म्हणाले, "टोपी जरा वर घे, पडशील कुठंतरी."

या पार्टीची एक पद्धत होती. नाचणाऱ्यांतून कोणी दोन बोटं तोंडात घालून लांबलचक शिट्टी मारली की चालू असलेलं गाणं तिथंच सोडायचं आणि हळदीच्या उडत्या चालीवर यायचं. खुणा करायला वेळ नसायचा. ज्याचा हात आधी वळेल त्याच्यामागं बाकीच्यांनी जायचं, तो चुकून वळला असेल तरी जायचं. चुलता पुन्हा पुन्हा बजावायचा, "कोन चुकला ते सकाली बघू. वाजवताना कोनाला एकला टाकायचा नाय." तीन सीझन दोघांनी हेच केलं. शिट्टी आली की डोक्याच्या आधी हात वळायचा.

मग आला अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर. मुंबईतल्या एका कॉलेजची मोठी रॉक स्पर्धा, आणि 'ब्लॅक थंब' फायनलला. पनवेलची पोरं, फायनलला! जिंकणाऱ्याला स्टुडिओत चार गाण्यांचं रेकॉर्डिंग. ओव्याहून टेम्पो भरून पोरं आली आणि बाल्कनीत जाऊन बसली. यांनी वाजवायला घेतलं ते स्वतःचं गाणं, 'वरती ये'. निनादनं मराठीत लिहिलेलं. पहिल्या कडव्याला हॉल गप्प झाला, दुसऱ्याला माना हलायला लागल्या. हरेशनं ताहेरकडं बघून डोळा मारला. सोलो सुरू झाला, ताहेर गिटार घेऊन पुढं आला, दिवे त्याच्यावर आले, आणि बाल्कनीतल्या ओव्याच्या कुणा दिवट्याला राहवलं नाही. त्यानं शिट्टी मारली. तीच, लांबलचक.

ताहेरची बोटं वळली. त्याला कळायच्या आत हळदीची उडती चाल त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून हॉलभर गेली. आणि पापणी लवते न लवते तोच मागून तुळशीरामचा ठेकाही वळला. एकट्याला टाकायचं नाही, हेच शिकला होता ना तो! बाल्कनीत पोरं नाचायला लागली. खाली कॉलेजची पोरं पोट धरून हसायला लागली. परीक्षकांतल्या एकानं पेन खाली ठेवलं.

ताहेरनं बोटं थांबवली, मागं वळला आणि तुळशीरामकडं रागानं पाहिलं.

बस, एवढंच केलं. तोंडातून शब्द काढला नाही. पण गिटारवाला ड्रमरकडं असं बघतो म्हणजे चूक ड्रमरची, हे आख्ख्या हॉलला पटलं. निनादला पटलं, हरेशला पटलं. आणि वाईट हे की तुळशीरामलाही पटलं. दोघांचे हात जवळजवळ एकाच वेळी वळलेले. आधी कुणाचा, हे त्या गोंधळात त्याला कुठून कळणार? जिवाभावाचा मित्र असा बघतोय म्हणजे आपणच शेण खाल्लं असणार, असं त्यानं धरलं. ताहेरला मात्र पक्कं माहीत होतं. बोटं त्याची होती.

परतताना टेम्पोत, वाशीचा पूल चढत असताना, तुळशीराम ताहेरचा हात धरून लहान पोरासारखा रडला. "माजा हातच हळदीचा रं. तुजा सगला घालवला मी. माफ कर."

आणि ताहेर म्हणाला, "जाऊ दे."

अरे, जाऊ दे काय, जाऊ दे? वाशीपासून पनवेल केवढा रस्ता होता! एक वाक्य बोलायचं होतं. पण मागं हरेश बसला होता, निनाद बसला होता, ओव्याची पोरं "तुळश्या घसरला, तुळश्या घसरला" म्हणून गात होती, आणि बावीस वर्षांच्या ताहेरला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामनं ड्रमसेट विकून टाकला होता. चुलत्याच्या पार्टीलाही त्यानं रामराम ठोकला. महिनाभरात बँड मोडला आणि वर्षाच्या आत ताहेर दोह्याच्या विमानात बसला.

त्यानंतर तुळशीरामनं दोस्ती अशी निभावली की काय सांगावं. नव्या शहरासाठी जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाले, रेती-खडीचा धंदा लागला, गळ्यात साखळी आली, पण माणूस तोच राहिला. ताहेरची अम्मी गेली तेव्हा ताहेरला वेळेवर रजा मिळाली नाही. जनाज्याला खांदा तुळशीरामनं दिला, कबरीत मूठभर मातीही त्यानंच टाकली, आणि फोनवर म्हणाला, "तुज्या वाटची माती मी दिली, तू हितली कालजी नको करू." त्या दिवशी दोह्यात ताहेर बाथरूममध्ये जाऊन रडला. अम्मीसाठी रडला, आणि त्या माणसासाठीही. दर सुट्टीला येताना तो ठरवून यायचा की या वेळी सांगायचंच. तुळशीराम एअरपोर्टवर हार घेऊन उभा असायचा. आता सांगा, हार घालणाऱ्याला कसं सांगायचं?

हृतिक गेल्यावर ताहेरनं दार लावून घेतलं. मग त्यानं कुलसुमला बोलावलं आणि लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा हे सगळं तिला सांगितलं.

"मला वाटायचं एका गाण्याची गोष्ट आहे," तो म्हणाला. "त्यानं हात खोटा मानला, पोराला शिकू दिलं नाही, हे मला कुठं माहीत होतं?"

"आता झालं ना माहीत?" कुलसुम म्हणाली. "मग सांगून टाका."

"बोलायचा बंद होईल तो माझ्याशी. इथं मला दुसरं आहे कोण?"

"होईल बंद. मग काय, त्याचा हात तुम्ही जन्मभर तुमच्या खिशात ठेवणार?" ती उठली आणि कणीक मळायला आत गेली. 

हळदीच्या दिवशी दुपारीच ताहेर गिटार घेऊन ओव्याला गेला. चार वाजत होते. मांडव घालून झाला होता. मागं खारघरचे टॉवर, पुढं मांडवाची झालर, आणि जिथं पेंढ्याची खोली होती तिथं आता हृतिकची गाडी. चुलीपाशी बायका वड्यांचं पीठ मळत होत्या. तुळशीरामची बायको भामा हातभर बांगड्या भरून सगळ्यांवर ओरडत फिरत होती. "आलात का भावजी? भाबी कुठं? संध्याकाली आल्या नाय तं मी बोलनार नाय हां!" बँडवाले सामान लावून जेवायला गेले होते. स्टेजवर ड्रमसेट रिकामा होता आणि तुळशीराम खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लाइटवाल्याला सूचना देत होता.

"तुळशी, ड्रमवर बस," ताहेर म्हणाला.

"हृत्यानं तुला पन कामाला लावला का?" तुळशीराम हसला. "येडा झालाय पोरगा. माजा हात खोटा हाय, तुला नाय म्हाईत?"

"खोटा नाही. त्या दिवशी तुझा हात घसरलाच नव्हता. माझा घसरला. शिट्टी आली आणि माझी बोटं आधी वळली. तू माझ्यामागं आलास."

तुळशीराम आणखी हसला. "आता पोरासाठी खोटं पन बोलाय लागलास! भला मानूस हायेस."

ताहेरला वाटलं, इथंच थांबावं. सांगायचं ते सांगून झालं, त्याला पटलं नाही, माझा काय दोष? क्षणभर त्यानं तसं ठरवलंसुद्धा. मग त्याला आठवीतला, दोन दिवस न जेवलेला हृतिक दिसला.

"मी वळून तुझ्याकडं रागानं बघितलं ना," तो म्हणाला, "ते मुद्दाम बघितलं. लोकांनी तुला बघावं म्हणून. टेम्पोत तू माफी मागितलीस तेव्हाही मला माहीत होतं. रोज माहीत होतं. मी भ्यालो, तुळशी. आधी लोकांना भ्यालो, मग तुला."

तुळशीरामचं हसू हळूहळू गेलं. लाइटवाला काहीतरी विचारत होता, त्याला त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं. ताहेर उभाच होता. बस म्हणायचंही तुळशीरामला सुचलं नाही, आणि बसायची ताहेरला हिंमत झाली नाही.

मग तुळशीराम उठला. "गिटार काड," म्हणाला. स्टेजवर चढला, स्टूल मागं सरकवलं, स्टिक उचलून हातात तोलल्या. "हृत्या! हिकडं ये. हितं खाली उभा रहा. मी मान हलवली का शिट्टी मारायची. हलदीची. जोरात."

हृतिकला वाटलं आपलं काम झालं. तो बिचारा दात काढत येऊन उभा राहिला.

त्यांनी 'वरती ये' सुरू केलं. सुरुवात भयंकर झाली. तुळशीरामचा पाय मागं पडत होता, ताहेरची बोटं जड झाली होती, दोन वेळा थांबावं लागलं. तिसऱ्यांदा मात्र ठेका लागला. तोच, पाठीवर थापटल्यासारखा. ताहेरचे डोळे भरून आले. निनाद नव्हता, हरेश नव्हता, गाण्यात शब्दच नव्हते, पण दोघांना सगळं ठाऊक होतं, कुठं थांबायचं, कुठं चढायचं. सोलो आला. ताहेर पुढं आला. मागं तुळशीरामनं मान हलवली असणार, कारण हृतिकनं दोन बोटं तोंडात घातली आणि कान फाटेल अशी शिट्टी मारली.

आणि ताहेरची बोटं वळली! अल्ला शप्पथ, त्यानं मुद्दाम केलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, कबुली देऊन अजून अर्धा तास झाला नाही, शिट्टी येणार हे कानानं ऐकलेलं, तरी बोटं आपली गेली हळदीच्या चालीत. चुलीपाशी बायकांनी "हेऽऽ" केलं. दोन पोरं नाचायलाच लागली. ताहेर मागून ठेका वळायची वाट बघू लागला.

तो वळला नाही. तुळशीरामचा हात सरळ चालला होता. रॉकचा ठेका, जिथल्या तिथं, न हलता. ताहेर त्या हळदीच्या चालीत एकटाच उरला. परतायची वाट सापडेना, सूर ठेक्यावर बसेना, शेवटी त्यानं बोटं काढून घेतली आणि नुसता उभा राहिला. तुळशीराम वाजवत राहिला. आख्खा सोलो त्यानं एकट्यानं, गिटारशिवाय, शेवटच्या झांजेपर्यंत नेला.

मग त्यानं स्टिक मांडीवर ठेवल्या आणि स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

"हात बरा हाय माजा," तो म्हणाला.

पिठाचे हात घेऊन भामा स्टेजजवळ आली होती. तिच्याकडं बघून तो मोठ्यानं म्हणाला, "भामा, हात बरा हाय गं माजा!" आणि सगळ्या मांडवासमोर, लाइटवाल्यासमोर, व्याह्यांकडून फळं घेऊन आलेल्या माणसांसमोर तो ढसाढसा रडला. भामाला काही कळलं नाही. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, त्याच्या गालाला पीठ लागलं.

रडून झाल्यावर त्यानं हृतिकला वर बोलावलं. स्टुलावर बसवलं, हातात स्टिक दिल्या, मनगट धरून दाखवलं. "असं नाय. सैल. सैल सोड. तुला लय आधी शिकवायला पायजे होता रं." मग तो खाली उतरून ताहेरपाशी आला.

"संध्याकाली भाबीला घेऊन ये," तो म्हणाला. "जेवून जा. जेवल्याशिवाय गेलास तं भामा मला खाईल."

"येतो."

"पन माज्याशी बोलू नको."

"बरं."

"मला अजून राग आलेला नाय. आता नुसता गरगरतंय. राग येईल तवा मीच येईन तुज्या दारात. तवा घरी रहा. पलू नको कुठं."

"राहीन," ताहेर म्हणाला.

संध्याकाळी ताहेर आणि कुलसुम गेले, जेवले, भामानं कुलसुमला बळंच हळद लावली. तुळशीराम बँडच्या ड्रमसेटवर बसला आणि त्यानं एक सोडून सहा गाणी वाजवली. गिटारवर बँडचा पोरगा होता. हेतल तिकडं तिच्या हळदीतून व्हिडिओ कॉलवर बघत होती, हृतिक सगळ्यांना ओढून ओढून सांगत होता, माझे पप्पा, माझे पप्पा. ताहेर मागच्या रांगेत उभा राहून ऐकत होता. इतकं छान वाजवतो हा, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

लग्न झालं. महिना गेला, दुसरा गेला. ताहेर मशिदीतून थेट घरी येतो. बाजारात कुलसुम जाते. चहाच्या वेळी तो बाहेरच्या खोलीत दार उघडं टाकून बसतो आणि जिन्यावर पावलं वाजली की सरळ होऊन बसतो.

"आज तरी फिरून या," परवा कुलसुम म्हणाली. "किती दिवस घरात बसणार?"

"नको. तुळशीराम येणार आहे."

"फोन आला का त्याचा? कधी येतो म्हणाला?"

"राग आला की," ताहेर म्हणाला.